बंद कपाटातील कॉम्प्युटर आणि त्याला लागणारी हवा

पूर्वी कापडाच्या दुकानात गल्ल्याखाली रोजमेळ, खतावणी आणि बिलबुके असत. आज त्याच जागी कॉम्प्युटर असतो, शेजारी सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, इंटरनेटचा राऊटर आणि बहुधा यूपीएससुद्धा. वही बंद कपाटात कितीही वर्षे ठेवली तरी तिचे काही बिघडत नसे. तिला वाळवी लागू नये एवढीच काळजी. कॉम्प्युटरचे तसे नाही. त्याला वीज लागते तशी हवाही लागते. वीज नसेल तर तो ताबडतोब बंद पडतो म्हणून आपल्या लक्षात येते. हवा नसेल तर तो महिनोन् महिने कण्हत चालत राहतो आणि मग ऐन गर्दीच्या दिवशी दगा देतो.

हा विषय किरकोळ समजू नये. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, ही ताकीद कुरआन शरीफच्या सूरह अल-बकरामधील २८२ व्या आयतीत आहे आणि ती कुरआनातील सर्वांत मोठी आयत आहे. म्हणजे हिशेबाची नोंद सांभाळणे हे आपल्यासाठी केवळ व्यापारी चातुर्य नाही, ती एक जबाबदारी आहे. ज्याचे देणे आपल्यावर आहे त्याची ती अमानत आहे. शिवाय सरकारी बाजूही आहे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला. त्या कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. ही सारी नोंद आज ज्या डब्यात आहे, तो डबा आपण प्लायच्या बंद कपाटात कोंडून ठेवतो, वर कॅरीबॅगांचा गठ्ठा रचतो आणि दार लावून घेतो.

मोसमाचाही विचार करावा. लगीनसराई एप्रिल-मे महिन्यांत येते. २०२२ साली रमजान जवळजवळ संपूर्ण एप्रिलभर होता. ईदुल-अज्हा दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकत २०२६ ते २०२८ या वर्षांत मे महिन्यात येते. मालेगाव, जळगाव, नागपूर या भागांत तेव्हा पारा ४२-४३ अंशांच्या वर जातो. म्हणजे ज्या दिवसांत दुकानात सर्वांत जास्त गिऱ्हाईक आणि कॉम्प्युटरवर सर्वांत जास्त काम, नेमक्या त्याच दिवसांत सर्वांत जास्त उष्णता.

उष्णता येते कोठून?

पहिली गोष्ट ही समजून घ्यावी की कॉम्प्युटर जितकी वीज खातो तितकीच उष्णता बाहेर टाकतो. पंखा वीज खाऊन वारा देतो, मोटार वीज खाऊन माग चालवते. कॉम्प्युटर वीज खाऊन हिशेब करतो, पण हिशेबात वीज साठत नाही. ती सगळी अखेरीस उष्णताच होते. १०० वॅट वीज घेणारी यंत्रे कपाटात असतील, तर कपाटात १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब दिवसभर पेटता ठेवल्यासारखे आहे. कोंबडीच्या पिल्लांना ऊब देण्यासाठी पेटीत बल्ब लावतात, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. आपण आपल्या हिशेबाच्या यंत्राला नकळत तीच ऊब देत असतो.

येथे एक गैरसमज दूर करावा. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायवर ४५० वॅट छापलेले असते, म्हणून तो ४५० वॅट खातो असे नाही. तो आकडा ताकदीचा आहे, खर्चाचा नाही. हातगाडी पाच गठ्ठे वाहू शकते म्हणून तिच्यावर रोज पाच गठ्ठे असतातच असे नाही. बिले काढणारा साधा कॉम्प्युटर मॉनिटर सोडून ५० ते ८० वॅट घेतो. एक हार्ड डिस्क असलेला आठ कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर साधारण १५ ते २५ वॅट, राऊटर ५ ते १० वॅट, आणि कॅमेऱ्यांना वीज देणाऱ्या सप्लायमध्ये आणखी थोडी. आपल्या उदाहरणासाठी कॉम्प्युटर ६०, रेकॉर्डर २०, राऊटर १० आणि सप्लाय व अॅडॅप्टर मिळून १०, असे १०० वॅट धरू.

बंद कपाटात काय होते?

समजा, काउंटरखालचे कपाट दोन फूट रुंद, दोन फूट खोल आणि अडीच फूट उंच आहे. १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायचे, खाली जमीन, मागे भिंत, पुढे घट्ट बसणारे दार. लाकूड उष्णतेचा चांगला वाहक नाही. म्हणूनच आपण तव्याला लाकडी मूठ लावतो. प्लायमधून १०० वॅट उष्णता बाहेर पडायची असेल, तर आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे २० अंशांनी जास्त तापावी लागते. दुकानात ३६ अंश असेल तर कपाटात ५६ अंश. शेजारी दुसरे कपाट खेटून असेल तर याहूनही जास्त. लोखंडी कपाट उष्णता थोडी अधिक बाहेर टाकते, पण फरक फार मोठा नाही. खरी अडचण हवा कोंडली जाते ही आहे.

आता ५६ अंशांच्या हवेने कॉम्प्युटरने स्वतःला थंड कसे करावे? त्याच्या आतला पंखा फिरतो खरा, पण तीच गरम हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. प्रोसेसर नेहमीच आजूबाजूच्या हवेपेक्षा बराच जास्त तापलेला असतो. बहुतेक प्रोसेसर १०० अंशांच्या जवळ पोहोचले की स्वतःला वाचवण्यासाठी आपली चाल मंद करतात, आणि तरीही उष्णता वाढली तर कॉम्प्युटर आपोआप बंद होतो. दुपारी तीन-चारच्या सुमारास बिल काढताना यंत्र रेंगाळू लागले, पंख्याचा आवाज वाढला, आणि सकाळी मात्र सारे ठीक असले, तर व्हायरसवर आळ घेण्याआधी कपाटाचे दार उघडून पाहावे.

बाकीच्या भागांवर होणारा परिणाम हळूहळू होतो. पॉवर सप्लाय आणि मदरबोर्डवर कपॅसिटर नावाचे छोटे गोल डबे असतात. त्यांच्यात ओलसर द्रव असतो आणि तो उष्णतेने सुकतो. साधारण नियम असा की तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य निम्मे होते. यूपीएसची लेड-अॅसिड बॅटरी याहून नाजूक. २५ अंशांच्या वर प्रत्येक ८ ते १० अंशांना तिचे आयुष्य जवळजवळ अर्धे होत जाते. बॅटरी दरवर्षी बदलावी लागत असेल, तर दोष बॅटरीवाल्याचाच असेल असे नाही. ती कोठे ठेवली आहे तेही पाहावे.

हार्ड डिस्कच्या बाबतीत मात्र उगाच घाबरू नये. २००७ साली गूगल कंपनीच्या अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक हार्ड डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की मध्यम तापमानात उष्णतेचा आणि बिघाडाचा संबंध लोक समजतात तितका घट्ट नाही. तापमान फारच वर गेले तेव्हाच तो दिसू लागला. म्हणून डिस्क ३५ ते ४५ अंशांवर चालत असेल तर निश्चिंत राहावे. पण ५६ अंशांच्या कपाटात डिस्क स्वतः ६० च्या पुढे जाते, आणि पुष्कळ डिस्क ६० अंशांपर्यंतच चालवण्यासाठी बनवलेल्या असतात. ही मर्यादा रोज ओलांडणे शहाणपणाचे नाही.

रात्रीचा विसरलेला हिशेब

दुकानदार म्हणेल, आमच्या दुकानात एसी आहे, आम्हाला याची गरज नाही. दिवसा हे बऱ्याच अंशी खरे आहे. परंतु दुकान बंद झाले की एसी बंद, पंखे बंद, शटर खाली. कॉम्प्युटर बंद करता येतो, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर मात्र चालूच असतो, कारण चोर यायचा तो रात्रीच येतो. ज्यांची साप्ताहिक सुट्टी जुम्म्याला असते त्यांच्या दुकानात तर गुरुवारच्या रात्रीपासून शनिवारच्या सकाळपर्यंत शटर बंद, वर पत्रा तापलेला आणि रेकॉर्डर बंद कपाटात. मग एखाद्या दिवशी चोरी होते, रेकॉर्डिंग पाहायला जावे तर डिस्क पंधरा दिवसांपासून बंद पडलेली. म्हणून कपाटातील हवेची व्यवस्था करताना एसी चालू असतानाचा नव्हे, तर बंद शटरच्या दुपारचा विचार करावा.

रेकॉर्डर बंद कपाटात ठेवण्यामागे कारणही आहे. तो समोर दिसला तर चोर आधी तोच उचलून नेतो. म्हणून कुलूप हवे, पण कुलूप लावण्यासाठी दार घट्ट असण्याची गरज नाही. छिद्रांच्या पत्र्याच्या दारालाही कुलूप लागते.

हवेचा हिशेब

हा हिशेब कापडाच्या मीटरइतकाच सोपा आहे. दर तासाला किती घनमीटर हवा लागेल हे काढायचे असेल, तर वॅटच्या आकड्याला ३ ने गुणावे आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा जितके अंश जास्त चालेल त्या आकड्याने भागावे. १०० वॅट आणि ५ अंशांची वाढ चालेल असे धरले, तर १०० गुणिले ३ म्हणजे ३००, भागिले ५ म्हणजे ६० घनमीटर. बाजारात पंख्यावर हवेचे माप सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट या मापात लिहिलेले असते. ६० घनमीटर म्हणजे सुमारे ३५ सीएफएम.

पण पंख्यावर लिहिलेले माप मोकळ्या हवेतले असते. जाळी, फिल्टर आणि वायरींच्या गुंत्यातून हवा ओढताना ते निम्म्यापर्यंत खाली येते. म्हणून हिशेबाच्या दुप्पट मापाचा पंखा घ्यावा. आपल्या उदाहरणात ७० सीएफएमच्या आसपासचा १२० मिलिमीटरचा एक पंखा पुरतो. आवाज नको असेल तर हळू फिरणारे दोन पंखे लावावेत.

पंखा नसताना नुसत्या छिद्रांनीही फायदा होतो. गरम हवा हलकी होऊन वर जाते आणि खालून थंड हवा आत येते. धुराड्याचे तत्त्व हेच. खाली चार इंच बाय चार इंच आणि वर तेवढेच मोकळे भोक ठेवले, तर वरच्या उदाहरणातली २० अंशांची वाढ १२-१३ अंशांवर येते. एकट्या रेकॉर्डरसाठी एवढे पुष्कळ झाले. परंतु अडीच फुटांच्या कपाटात हा ओढा फार कमजोर असतो. भोकांवर बारीक जाळी लावली आणि तिच्यावर धूळ बसली की तो जवळजवळ थांबतो.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र वेगळाच आहे. कपाटाची मागची फळी काढून टाकावी आणि कपाट भिंतीपासून चार ते सहा इंच पुढे ओढावे. कॉम्प्युटर आपली गरम हवा मागूनच फेकतो. तिला वाट मिळाली की निम्मे काम होते, आणि यासाठी एक पैसाही लागत नाही.

पंखा कसा लावावा?

१. थंड हवा खालून व पुढून आत यावी आणि गरम हवा वरून व मागून बाहेर जावी. आत येण्याचे आणि बाहेर जाण्याचे भोक शेजारी शेजारी असेल, तर हवा यंत्राला शिवतही नाही, जवळच्या वाटेने निघून जाते.

२. आत येण्याची वाट पंख्याच्या तोंडापेक्षा लहान नसावी. तिला जाळी लावणार असाल तर क्षेत्रफळ दीडपट ते दुप्पट ठेवावे. १२० मिलिमीटरच्या पंख्यासाठी सहा इंच बाय सहा इंचाची जाळी योग्य. छिद्रांच्या पत्र्यात निम्मी जागाच मोकळी असेल तर पत्रा दुप्पट घ्यावा.

३. १२ व्होल्टच्या डीसी पंख्याला दोन-तीन वॅट वीज पुरते व तो शांत चालतो. त्याला १२ व्होल्टचा वेगळा अॅडॅप्टर लावावा. २३० व्होल्टवर थेट चालणारा याच आकाराचा पंखाही मिळतो. त्याचा जोर मोठा, पण तो स्वतःच १८-२० वॅट खातो आणि आवाज करतो. तो बसवायचा तर इलेक्ट्रिशियनकडूनच बसवावा, आणि लोखंडी कपाट असेल तर अर्थिंग करून घ्यावे. कोणत्याही पंख्याला बोट जाणार नाही अशी जाळी हवीच.

४. ठरावीक तापमानाला पंखा आपोआप सुरू करणारा छोटा थर्मल स्विच मिळतो. ४० किंवा ४५ अंशांचा, उष्णतेने चालू होणारा, असे सांगून घ्यावा, कारण उष्णतेने बंद होणारेही त्याच रूपात मिळतात. रात्री फक्त रेकॉर्डर चालू असताना पंखा गरजेपुरताच फिरतो व त्याचे आयुष्य वाढते.

५. कॉम्प्युटरचा स्वतःचा मागचा पंखा ज्या दिशेने हवा फेकतो, त्याच दिशेला कपाटाचा पंखा असावा. दोघे समोरासमोर फुंकत असतील तर दोघांची मेहनत वाया जाते.

असे पंखे, जाळ्या व स्विच मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात आणि बहुतेक जिल्ह्यांच्या गावी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतात. सारा खर्च काही शे रुपयांचा आहे.

कापडवाल्यांची खास अडचण: तंतू

किराणा दुकानातील धूळ आणि आपल्या दुकानातील धूळ यांत फरक आहे. थान फाडताना, घडी झटकताना सुताचे बारीक तंतू उडतात. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमाग कारखान्यांत तर हवाच त्यांनी भरलेली असते आणि त्यात सायझिंगच्या कांजीची भुकटीही मिसळते. हे तंतू प्रोसेसरवरच्या धातूच्या पातळ पात्यांमध्ये अडकतात, एकावर एक बसत जातात आणि काही महिन्यांत त्यांचा नमदा तयार होतो. नमदा उष्णता अडवतो, हे थंड मुलखातल्या लोकांना सांगावे लागत नाही. अशा यंत्राला बाहेरून कितीही मोठा पंखा लावला तरी उपयोग होत नाही.

म्हणून तंतूंच्या जागी पंखा उलट लावावा. घरात किंवा स्वच्छ ऑफिसात गरम हवा बाहेर खेचणारा पंखा चांगला. पण खेचणारा पंखा कपाटाच्या प्रत्येक फटीतून धूळ आत ओढतो. कापडाच्या दुकानात आणि कारखान्यात पंखा खालच्या बाजूला, हवा आत ढकलणारा असा लावावा आणि त्याच्या तोंडावर फिल्टर बसवावा. मग कपाटातील हवेचा दाब किंचित जास्त राहतो, फटींतून हवा बाहेर जाते आणि आत येणारी सारी हवा फिल्टरमधूनच येते. वर बाहेर जाण्याची वाट मात्र मोकळी ठेवावी.

फिल्टर कशाचा असावा याची परीक्षा आपल्याइतकी कोणाला जमणार? कापडाचा तुकडा तोंडासमोर ताणून धरावा आणि पलीकडच्या मेणबत्तीवर फुंकर मारावी. मेणबत्ती सहज विझली तर कापड चालेल. मलमल कितीही झिरझिरीत दिसली तरी दोन पदरी लावली की हवा अडवते. मच्छरदाणीचे नायलॉन नेट किंवा मोठ्या छिद्रांचा पातळ स्पंज हे योग्य. नेट फ्रेममध्ये बसवून चुंबकावर किंवा वेल्क्रोवर लावावे, म्हणजे धुण्यासाठी लगेच निघते. दुकानात दर आठवड्याला आणि कारखान्यात दर दोन-तीन दिवसांनी ते झटकावे. भरलेला फिल्टर हा बंद दारासारखाच असतो.

कॉम्प्युटरची आतून सफाई दुकानात दर तीन महिन्यांनी आणि कारखान्यात दर महिन्याला करावी. आधी वीज बंद करून वायर काढावी. पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे आणि मगच ब्लोअर मारावा, नाहीतर हवेने पंखा भन्नाट फिरून त्याचे बेअरिंग खराब होते. कारखान्यातील कॉम्प्रेसरची हवा वापरू नये. तिच्यात पाणी आणि तेलाचे थेंब असतात. ओल्या फडक्याने पुसण्याचा मोह टाळावा.

कूलरबद्दलही एक सूचना. खानदेश, मराठवाडा, विदर्भात दुकानांत पाण्याचा कूलर लावतात. त्याचा झोत कॉम्प्युटरच्या कपाटावर सोडू नये. ओली हवा आणि तंतू एकत्र आले की चिकट थर बसतो आणि जोडण्यांना गंज चढतो. कूलरने दुकान थंड करावे आणि कपाटाने दुकानातलीच हवा घ्यावी.

कपाटात काय ठेवू नये

यूपीएस त्याच कपाटात ठेवू नये. तो स्वतः उष्णता देतो आणि त्याची बॅटरी त्याच उष्णतेने मरते. चार्ज होताना लेड-अॅसिड बॅटरीतून थोडा वायू निघू शकतो, म्हणून तिला मोकळी जागा हवी. काउंटरच्या बाजूला, जमिनीपासून थोडा उंच, हा त्याचा मुक्काम. एक्स्टेंशन बोर्ड ढिला असेल तर तोही तापतो. बंद कपाट, ढिला प्लग आणि वर कॅरीबॅगा व कापडाचे तुकडे, ही आगीची पूर्ण तयारी आहे. कापडाच्या दुकानाला आग लागली तर काय उरते हे सांगण्याची गरज नाही.

नवीन खरेदी करणाऱ्यांनी आणखी एक विचार करावा. कमी उष्णता निर्माण करणारे यंत्र घेणे हा उष्णतेवरचा सर्वांत चांगला इलाज आहे. बिले आणि खाती लिहिण्यासाठी हातात मावणारे छोटे कॉम्प्युटर मिळतात. ते १० ते २५ वॅटमध्ये चालतात. त्यात हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असते, जिच्यात फिरणारा भाग नसतो. ६० वॅटच्या जागी २० वॅट म्हणजे हवेची गरजही तिसऱ्या हिश्श्यावर आली.

तपासावे कसे?

अंदाजावर जाऊ नये. लांब वायरीचे डिजिटल थर्मामीटर थोड्या पैशांत मिळते. त्याचे टोक कपाटात वरच्या बाजूला ठेवावे, दार लावून दोन तास काम चालू द्यावे आणि आतले व दुकानातले तापमान लिहून घ्यावे. दोन्हींतील फरक ५ ते ८ अंश असेल तर व्यवस्था उत्तम. १० च्या आसपास असेल तर फिल्टर व वायरींचा गुंता पाहावा. १५ च्या वर असेल तर त्याच दिवशी दार उघडे ठेवावे आणि सुताराला बोलवावे. पंखा कितीही मोठा असला तरी कपाट दुकानापेक्षा थंड होणार नाही, हे लक्षात असू द्यावे. प्रोसेसरचे तापमान एचडब्ल्यू मॉनिटर आणि डिस्कचे तापमान क्रिस्टल डिस्क इन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये दिसते. पुष्कळ रेकॉर्डरच्या मेनूतही डिस्कची स्थिती पाहता येते. महिन्यातून एकदा मागच्या आठवड्याचे रेकॉर्डिंग उघडून पाहण्याची सवय लावावी.

आणि हवेची व्यवस्था केली म्हणून हिशेबाची दुसरी प्रत ठेवण्याचे टाळू नये. थंड डिस्कही एक दिवस बंद पडते. रोज रात्री खात्याची प्रत वेगळ्या ड्राइव्हवर घ्यावी आणि तो ड्राइव्ह दुकानात न ठेवता घरी न्यावा.

कारागीर बांधवांसाठी

फर्निचरचे काम करणाऱ्या आपल्या कारागिरांना यात कामाची नवी वाट आहे. काउंटरचे माप घेतानाच गिऱ्हाइकाला विचारावे की आत कोणती यंत्रे ठेवणार. पायाच्या पट्टीत, म्हणजे स्कर्टिंगमध्ये, जाळीची खाच आधीच ठेवली तर ती दिसतही नाही. मागच्या फळीऐवजी दोन आडव्या पट्ट्या द्याव्यात. पंख्याचे भोक होल कटरने सनमायका चिकटवल्यानंतर स्वच्छ कापावे आणि पंख्याखाली रबराचे वायसर द्यावेत, म्हणजे सारे कपाट गुणगुणत नाही. वायरींसाठी वेगळे भोक ठेवावे. हवेच्या वाटेतून वायरी काढल्या तर वाट बंद होते.

घरातील टीव्हीच्या शोकेसला हाच हिशेब लागू आहे. काही घरांत टीव्हीला जोडलेला कॉम्प्युटर, सेट-टॉप बॉक्स आणि अॅम्प्लिफायर काचेच्या दारामागे एकावर एक रचलेले असतात. तेथे तंतूंचा त्रास नसतो, पण आवाजाचा असतो. म्हणून मागची बाजू उघडी, प्रत्येक यंत्राला वेगळा कप्पा, वरच्या बाजूला हवा बाहेर खेचणारा एक मोठा व हळू फिरणारा पंखा, आणि काचेऐवजी वेताची जाळी किंवा झडपांचे दार. शोभाही राहते आणि यंत्रही टिकते. असे काम करून देणाऱ्या कारागिराला गिऱ्हाईक स्वतः होऊन पुढचे काम आणून देते.

तात्पर्य असे की, येत्या सुट्टीच्या दिवशी अर्धा तास काढावा. कपाटातील गठ्ठे बाहेर काढावेत, मागची फळी पाहावी, पंख्यावरचा नमदा काढावा, यूपीएस बाहेर घ्यावा आणि थर्मामीटरचे दोन आकडे बिलबुकाच्या मागे लिहून ठेवावेत. लाखो रुपयांच्या उधारीचा आणि वर्षानुवर्षांच्या व्यवहाराचा हिशेब ज्या यंत्राच्या भरवशावर आहे, त्याला श्वास घ्यायला चार बोटे जागा देणे एवढेच हे काम आहे.